'मला बाप्तिस्मा घ्यायचाय' असं घरात कुणी म्हणालं तर?

समजा, पेणमधलं एक घर आहे. घरात देव्हारा नाही. आई शाळेत शिक्षिका, बाबा धाटावच्या एमआयडीसीत नोकरीला. लग्न रजिस्टर, बारसं नाही, सत्यनारायण नाही. दिवाळीत फराळ असतो, कारण चकली सगळ्यांना आवडते. कपाटात पुस्तकं आहेत, भिंतीवर फुले-आंबेडकरांचा फोटो आहे. अशा घरातली बारावीतली मुलगी एका संध्याकाळी जेवताना म्हणते, "मला कॅथलिक व्हायचंय. बाप्तिस्मा घ्यायचाय."

पुढे काय होईल?

हे घर काल्पनिक आहे, पण तुमच्या ओळखीचं वाटलं ना? आपल्याकडे धर्मांतराची चर्चा निघाली की डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. एकात कुणीतरी फसवणारा असतो, दुसऱ्यात कुणीतरी फसलेला. सतरा वर्षांची मुलगी स्वतः विचार करून, वाचून, रात्र रात्र जागून असं काही ठरवत असेल, हे तिसरं चित्र आपल्याला सुचतच नाही. त्याच मुलीबद्दल आज बोलू या. कारण ती तुमच्या वर्गात असू शकते, तुमची बहीण असू शकते, किंवा तुम्ही स्वतः असू शकता.

आपल्या मातीत हे नवं नाही

आधी आपला परिसर बघा. पेणचं नाव सगळ्या जगाला माहीत आहे ते गणपतीच्या मूर्तींमुळे. वर्षभर इथल्या कारखान्यांत माती आणि रंग चालू असतात. रोह्यात दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, तेव्हा पोलीस मानवंदना देतात. स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचेच, जन्म १९२० चा. म्हणजे तुम्ही देव माना किंवा मानू नका, इथे देव तुमच्या रस्त्यावरून, बाजारातून आणि कित्येकांच्या पगारातूनही जातो.

आणि इथे एकच देव राहत नाही. पेणकर, रोहेकर ही आडनावं बेने इस्रायली ज्यू घरांतही आहेत. त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले अशी त्यांची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. पेणला त्यांचं सिनेगॉग आहे. रोह्याच्या पुलाखालून जाणारी कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते आणि खाडीच्या पलीकडे कोर्लई दिसते. पोर्तुगीज १७४० साली इथून गेले, पण कोर्लईतली कॅथलिक घरं राहिली आणि पोर्तुगीजमधून तयार झालेली त्यांची बोलीही राहिली. मराठी शेजारात राहून ती आजही बोलली जाते.

हे सगळं सांगण्याचं कारण साधं आहे. 'हे आपलं नाही, बाहेरचं आहे' हा पहिला आक्षेप रायगडात तरी टिकत नाही. फादर स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' मराठीत ओवीबद्ध लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. कॅथलिक असणं आणि मराठी असणं यांत भांडण नाही. प्रश्न वेगळा आहे: सतरा-अठराव्या वर्षी माणसाने धर्म निवडावा का, आणि निवडायचा तर कसा?

१८४३ सालचा मुलगा

मास कॉमच्या कोर्सला 'दर्पण' आणि बाळशास्त्री जांभेकर पहिल्याच महिन्यात शिकवतात. ६ जानेवारीचा पत्रकार दिन त्यांच्यामुळेच. पण त्यांच्या आयुष्यातला एक प्रसंग फारसा कुणी सांगत नाही, आणि तो नेमका आपल्या विषयाचा आहे.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत जेमतेम बारा वर्षांचा. तोही भावाबरोबर मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टाने निकाल दिला की मुलगा लहान आहे, त्याला वडिलांच्या ताब्यात द्या. श्रीपत घरी आला. इथे गोष्ट संपायला हवी होती, पण खरा त्रास इथेच सुरू झाला. ख्रिस्ती घरात जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं की नाही? सनातनी मंडळींचं म्हणणं, घ्यायचं नाही. बाळशास्त्री म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्या. त्यासाठी त्यांनी स्वतः खटपट केली आणि स्वतःच्याच समाजाचा रोष ओढवून घेतला.

या गोष्टीत बघा, किती जण त्या मुलासाठी भांडले! मिशनरी भांडले, वडील भांडले, कोर्ट बोललं, शास्त्री बोलले. त्या बारा वर्षांच्या पोराला शांतपणे बसवून 'तुला नेमकं काय वाटतंय बाळा' असं किती जणांनी विचारलं असेल? पावणेदोनशे वर्षं उलटून गेली, पण आपली पद्धत तीच आहे. मुलगी कॅथलिक व्हायचं म्हणाली की तिचे नातेवाईक, शेजारी, संघटना, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सगळे बोलायला लागतात. ती मात्र गप्प होते.

बाळशास्त्रींकडून एक गोष्ट मात्र जरूर उचलावी. त्यांनी परतीचं दार उघडं ठेवलं. पोरगं चुकलं असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातलेच काही जण त्याला परत येऊ द्यायला तयार नव्हते. बाळशास्त्री तयार होते. प्रत्येक घराने एवढं तरी करावं: तू गेलीस तरी हे घर तुझं आहे, आणि तुझं मन बदललं तरी तुला कुणी टोमणा मारणार नाही.

कायदा काय म्हणतो, ते नीट समजून घ्या

भावनेच्या भरात कायद्याकडे दुर्लक्ष होतं, म्हणून हे सरळ सांगते. राज्यघटनेचं २५ वं कलम प्रत्येकाला सदसद्विवेकाचं आणि धर्म मानण्याचं, पाळण्याचं, त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. म्हणजे तुमचा विश्वास तुम्ही बदलू शकता, तुम्हाला बदलण्याचा हक्क मात्र कुणालाही नाही. हा फरक लक्षात ठेवा.

धर्म नसण्याचाही हक्क आहे. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर एक मजेशीर वाटावी अशी याचिका आली होती. याचिकाकर्ते येशूला मानत होते, पण 'आम्ही ख्रिस्ती धर्माचे नाही, आम्हाला कोणताच धर्म नाही' असं राजपत्रात छापून द्या म्हणत होते. सरकारी छापखान्याने नकार दिला. न्यायालयाने मात्र सांगितलं की कुठलाच धर्म नसल्याचं म्हणण्याचं स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे आणि सरकार कुणालाही धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही. तेव्हा आपल्या कल्पनेतल्या घरातले आईबाबा 'धर्म: नाही' असं लिहितात, तो त्यांचा हक्क आहे. आणि त्याच कलमाने मुलीलाही तिचा हक्क मिळतो.

पण कधी? अठरा पूर्ण झाल्यावर. त्याआधी तुम्ही कायद्याने अज्ञान आहात आणि पालकांना बाजूला ठेवून कुणी तुमचा बाप्तिस्मा करायला निघालं, तर उद्या पोलीस स्टेशनची पायरी चढायची वेळ येऊ शकते. तुमच्यावर, त्या धर्मगुरूवर, तुमच्याबरोबर गेलेल्या मैत्रिणीवरही. धर्मांतराबद्दल वेगवेगळ्या राज्यांचे वेगवेगळे कायदे आहेत, ते बदलतही असतात, आणि अल्पवयीन मुलांच्या बाबतीत त्यांतल्या कित्येकांत शिक्षा जास्त कडक आहे. म्हणून रील बघून ठरवू नका. अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे जाऊन विचारा.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. अनुसूचित जातीचा दाखला धर्माशी जोडलेला आहे. १९५० च्या आदेशानुसार तो हिंदूंना, पुढे १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध समाजालाही मिळतो, ख्रिस्ती झाल्यावर मिळत नाही. अनुसूचित जमातीच्या दाखल्याला धर्माची अट नाही. हे बरोबर की चूक यावर मोठा वाद आहे, आणि तो व्हायलाच हवा. पण इंजिनिअरिंगची किंवा नर्सिंगची अ‍ॅडमिशन त्या दाखल्यावर उभी असेल, तर हे आधी माहीत असावं. श्रद्धेची किंमत मोजायची तर डोळे उघडे ठेवून मोजावी.

चर्चला घाई नाही, मग तुम्हाला का?

इथे अनेकांना आश्चर्य वाटेल. फादरकडे गेलं की लगेच डोक्यावर पाणी टाकतात, असा आपला समज असतो. कॅथलिक चर्चचा स्वतःचा नियम उलट आहे. मोठ्या वयात येणाऱ्या माणसाने स्वतःची इच्छा स्पष्ट सांगितली पाहिजे, त्याला श्रद्धेचं शिक्षण मिळालं पाहिजे आणि तसं जगता येतं का हे काही काळ पारखून बघितलं पाहिजे, असं त्यांचा कायदा सांगतो. त्यासाठी शिकण्याचा एक ठरलेला काळ असतो. तो महिनोन्‌महिने चालतो आणि बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या विधीत बाप्तिस्मा होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये लिहून ठेवलं की श्रद्धा मोकळ्या मनाने स्वीकारलेली असली पाहिजे, आणि कुणालाही जबरदस्तीने किंवा आमिषाने ख्रिस्ती करायला मनाई आहे.

त्यामुळे एक सोपी कसोटी तुमच्या हातात आहे. कुणी तुम्हाला 'घरी सांगू नकोस', 'पुढच्याच आठवड्यात करून टाकू', 'मग तुझ्या अडचणी सुटतील' असं म्हणत असेल, तर तो त्याच्याच चर्चचं पुस्तक पाळत नाही. तिथून निघा. जो म्हणतो, 'आधी घरी बोल, दर रविवारी मिस्साला येऊन बस, वाच, प्रश्न विचार, वर्षभराने बोलू', त्याचं ऐकायला हरकत नाही.

मोठ्या निर्णयाला वेळ लागतोच. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात. मधली एकवीस वर्षं अभ्यासात, तुलनेत, पारखण्यात गेली. एवढ्या मोठ्या विद्वानाला एकवीस वर्षं लागली, तर आपण एखादं वर्ष थांबलो म्हणून काही बिघडत नाही.

स्वतःला विचारायचे प्रश्न

आता थेट तुझ्याशी बोलते, जिच्या किंवा ज्याच्या मनात हे चाललंय.

तुला नेमकं काय ओढतंय? चर्चमधलं गाणं? ती शांतता? मैत्रिणीच्या घरातली नाताळची माया? आवडणारा मुलगा? की येशूच्या गोष्टीत असं काही सापडलंय जे दुसरीकडे सापडलं नाही? यातलं कुठलंही कारण लाजिरवाणं नाही, पण सगळी सारखी नाहीत. गाणं ऐकायला गायकवृंदाजवळ बसता येतं. मायेसाठी त्या घरी जाता येतं. मुलावर प्रेम असेल तर लग्नासाठी विशेष विवाह कायदा आहे, त्यात कुणालाच धर्म बदलावा लागत नाही. ही सगळी कारणं बाजूला काढल्यावरही काही उरत असेल, तर ते खरं. त्याच्याजवळ थांब.

दुसरं. ज्यात जायचंय त्याचं सगळं वाचलंस का? फक्त सुंदर भाग नको. गर्भपात, घटस्फोट, स्त्रियांना धर्मगुरू होता न येणं, समलिंगी विवाह, यांवर कॅथलिक चर्चची भूमिका ठाम आहे. घरात स्त्री-पुरुष समतेवर वाढलेल्या मुलीला यातलं काही टोचेल. टोचलं तर ते दाबू नको. फादरांनाच विचार. प्रश्न विचारायची सवय ही तुझ्या घराची कमाई आहे, ती दारात चपलेसारखी काढून ठेवू नको.

तिसरं. तुझ्यासारखे बरेच आहेत. फ्रान्ससारख्या, चर्चपासून खूप लांब गेलेल्या देशात २०२५ च्या ईस्टरला दहा हजारांहून जास्त प्रौढांनी आणि सात हजारांहून जास्त किशोरवयीन मुलांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांतले कितीतरी धर्म न पाळणाऱ्या घरांतले. त्याच फ्रान्सची सिमोन वेल ही विचारवंत अशाच, देवाचा विषय न काढणाऱ्या ज्यू घरात वाढली. ख्रिस्ताकडे मनापासून ओढली गेली, धर्मगुरूशी लांबलचक पत्रव्यवहार केला आणि तरी बराच काळ उंबऱ्याशीच थांबली. उंबऱ्यावर थांबणंही प्रामाणिकपणाचं असू शकतं.

आणि आपले विनोबा! पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेला हा माणूस कुराण वाचायचा, बायबल वाचायचा. त्यांनी 'कुराण-सार' काढलं तसं 'ख्रिस्तधर्म-सार'ही काढलं. धर्म न बदलता दुसऱ्याचा धर्म मनापासून आपलासा करता येतो, हे त्यांनी दाखवलं. म्हणून तूही तेवढंच करावंस असं मी म्हणत नाही. वाटा अनेक आहेत, एवढंच सांगते.

आईबाबांनो, तुम्हीही वाचा

निधर्मी घरातल्या आईबाबांना हा धक्का वेगळा बसतो. धार्मिक घरात वाटतं, 'मुलगी दुसऱ्याच्या देवाकडे गेली.' तुम्हाला वाटतं, 'आमचं सगळं शिकवणं वाया गेलं.' पण काय शिकवलं होतंत? स्वतःच्या डोक्याने विचार कर, हेच ना? मग तिने विचार केला आणि उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आलं. उत्तर तुमच्यासारखंच यायला हवं असेल, तर ते विचार करणं कसलं! अंधश्रद्धा निर्मूलन समितीचीही भूमिका देव-धर्माला विरोध अशी नाही. देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाला डॉ. दाभोलकरांचा विरोध होता. तेव्हा मुलीचं शोषण होतंय का, तिच्यावर दबाव आहे का, हे जरूर तपासा. नसेल, तर तिच्या श्रद्धेची टिंगल करणं हा विवेकवाद नव्हे.

घर फुटतं तेव्हा काय होतं ते मराठीत लिहून ठेवलेलं आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला. ते कॅथलिक नव्हते, प्रोटेस्टंट मिशनमध्ये गेले. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. काही वर्षांची ताटातूट आणि वेड लागायची वेळ. पुढे त्या नवऱ्याकडे परत गेल्या, आणि मग स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळी ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' घरातल्या प्रत्येकाने वाचावं. धर्म बदलणाऱ्याला वाटतं निर्णय आपल्या एकट्याचा आहे. त्याची किंमत मात्र सगळं घर मोजतं. टिळकांच्या घराने ती मोजली, पण शेवटी घर पुन्हा उभं राहिलं, कारण कुणीही कुणाला कायमचं टाकलं नाही.

आणि आपण, मित्रमैत्रिणी

आपलं काम सगळ्यात सोपं आहे. स्क्रीनशॉट काढू नका. कॉलेजच्या ग्रुपवर 'अरे ही कन्व्हर्ट होतेय' असं टाकू नका. पेण-रोह्यासारख्या गावात बातमी एसटीच्या आधी पोचते, आणि एकदा ती चुकीच्या हातात पडली की त्या मुलीचं खासगी चिंतन हा गावाचा राडा होतो. तिने तुम्हाला सांगितलंय म्हणजे तुमच्यावर विश्वास टाकलाय. तो सांभाळा. तिच्याबरोबर एकदा चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसा. पटलं नाही तर तिलाच सांगा, गावाला नको.

आमचं मत स्पष्ट आहे. अठराच्या आत बाप्तिस्मा नको. अठरानंतरही एखादं वर्ष अभ्यासाशिवाय नको. पण तोवर वाचायला, चर्चमध्ये बसायला, प्रार्थना करून बघायला आणि घरात त्याबद्दल मोठ्याने बोलायला कुणाचीही बंदी नको. मुलीने घरापासून लपवू नये आणि घराने लपवावं लागेल असं वागू नये. त्या जेवणाच्या ताटावर ती म्हणाली ना, "मला बाप्तिस्मा घ्यायचाय"? तर आईबाबांनी पहिला शब्द 'नाही' असा काढू नये, 'हो' असाही काढू नये. "का गं? सांग बरं सगळं," एवढंच म्हणावं, आणि मग खरोखर ऐकावं.